फाइल शाबूत, नाव बिघडलेलं

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत एकच तक्रार सारखी ऐकू येते: "काका, फाइल उघडतच नाहीये." कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची मार्कशीट, कुणाचा सातबारा. फोनवर नावाच्या जागी टक्क्याची चिन्हं, अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक रांग असते. काका आधी नावाचा शेवट बघतात. तिथे ‘.पीडीएफ’ नसेल तर फाइल दाबून धरतात, ‘रीनेम’ करतात आणि शेवटी टिंब देऊन ते इंग्रजीत जोडतात. बहुतेक वेळा फाइल लगेच उघडते. पुन्हा डाउनलोड करावी लागत नाही, कारण आतल्या मजकुराला धक्काच लागलेला नसतो.

घोळ झालेला असतो तो वाटेत. सर्व्हर फाइलचं नाव वेगळ्या ओळीत पाठवतो आणि ती ओळ मुळात इंग्रजी अक्षरांपुरतीच बेतलेली, म्हणून देवनागरी नाव टक्क्याच्या चिन्हांत लिहून पाठवावं लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं. टक्क्याच्या लिखाणात त्या प्रत्येक बाइटला तीन जागा लागतात. ‘म’ होतो टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का ए-ई. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. त्या हिशोबाने ‘ठाणे’ ३६ जागा खातं, ‘कल्याण’ ५४ आणि ‘डोंबिवली’ तब्बल ७२. अँड्रॉइडवर नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे अशा लिखाणात जेमतेम २८ चिन्हं मावतात. लांबलचक मराठी शीर्षक मग मध्येच तुटतं आणि कधी त्याबरोबर शेवटचं ‘.पीडीएफ’ही जातं. इंग्रजीबाहेरची नावं नीट कशी पाठवावीत हे २०११ सालच्या आरएफसी ६२६६ या मानकात सांगितलेलं आहे, पण ते सगळेच पाळतात असं नाही.

दुसरा प्रकार ‘.बिन’चा. फाइल कसली आहे हे सर्व्हरने सांगितलंच नाही की ब्राउझर असं मोघम नाव देऊन मोकळा होतो. अशा वेळी अंदाजाने शेपूट लावू नये. संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून सुरुवात बघावी. पीडीएफ असेल तर टक्क्यापुढे तसं लिहिलेलंच असतं. सुरुवातीला ‘पीके’ दिसलं तर झिप. ‘पीके’ ही झिपचा प्रकार बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डची नवी फाइलही आतून झिपच असल्यामुळे फोन कधी कधी तिलाही झिप समजतो. तिथे ‘.डॉकएक्स’ लावलं की काम होतं. पण डब्यावर साखर लिहून मीठ गोड होत नाही. फोटोला ‘.पीडीएफ’ म्हटलं तरी तो फोटोच राहतो, त्याचं रूपांतरच करावं लागतं.

नवं नाव देताना वर्ष, महिना, तारीख या क्रमाने सुरुवात करावी, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. पोर्टलवर चढवायची प्रत रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवलेली बरी. घरची प्रत खुशाल मराठी नावाने ठेवा. आजच्या फोनला देवनागरीचं वावडं नाही.