भारतीय फुटबॉल-संघाचीं चौदा वर्षें

आमच्या सुशिक्षित मराठी घरांत क्रिकेटचे आंकडे लहान मुलालाहि तोंडपाठ असतात. कोणत्या फलंदाजानें कोणत्या मैदानावर किती धावा काढल्या याविषयीं जेवणाच्या पानावर वाद रंगतात. परंतु आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचें सुवर्णपदक भारतानें दोनदां जिंकलें आहे आणि ऑलिंपिकमध्यें आपला संघ एकदां चौथा आला होता, असें सांगितलें तर त्याच घरांतील वडीलधारी मंडळी क्षणभर साशंक मुद्रेनें पाहूं लागतात. ‘हें हॉकीचें तर नव्हे?’ असा प्रश्न हटकून येतो. हॉकीचें नव्हे, फुटबॉलचेंच. १९४८ ते १९६२ या चौदा वर्षांतील ही कथा आहे, आणि ती विस्मृतींत जावी इतकी सामान्य खास नाहीं.

हा खेळ आपल्याकडे आणला तो इंग्रज पलटणींनीं. मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली, पण १९३७ सालीं ‘बंगलोर मुस्लिम्स’ या संघानें तो चषक जिंकीपर्यंत गोऱ्या सैनिकांवांचून दुसऱ्या कोणाच्या तो हातीं लागला नाहीं. कलकत्त्यास मात्र १९११ सालींच मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून शील्ड पटकावली होती. त्या अकरा खेळाडूंपैकीं दहा जण अनवाणी खेळले. बूट घातलेल्या साहेबास अनवाणी पायांनीं हरवितां येतें, या अनुभवाचा लोकांच्या मनावर एवढा पगडा बसला कीं पुढें चाळीस वर्षें आमच्या खेळाडूंना बूट ही एक अडचणच वाटत राहिली.

याच स्थितींत स्वतंत्र भारताचा संघ १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेला. कर्णधार होते नागा टेंकड्यांतून आलेले व कलकत्त्यास वैद्यकीचें शिक्षण घेतलेले तालिमेरेन आओ. ३१ जुलै रोजीं इलफर्ड येथें फ्रान्सशीं गांठ पडली. आपल्या संघांतील बहुतेकांचे पाय उघडे होते. कोणी त्यांना नुसत्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. फ्रान्सनें पहिला गोल केला, सारंगपाणि रामन यांनीं तो फेडला, आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सनें दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. येथें एक गोष्ट डोळ्यांआड होतां कामा नये: त्या सामन्यांत भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही फुकट गेल्या. इंग्रज प्रेक्षकांनीं आमच्या मुलांचें कौतुक केलें, तें उघड्या पायांच्या नवलापोटीं. पण हातीं आलेला सामना निसटला तो पायांत बूट नव्हते म्हणून नव्हे. मोक्याच्या क्षणीं मन स्थिर ठेवण्याची संवय नव्हती, हेंच त्याचें खरें कारण दिसतें.

दोन वर्षांनीं ब्राझीलमध्यें विश्वचषक भरला. ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनीं माघार घेतल्यामुळें भारताला न खेळतांच प्रवेश मिळाला, आणि इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटांत आपलें नांवहि घातलें गेलें. परंतु ऐन वेळीं आपणहि माघार घेतली. अनवाणी खेळूं देणार नाहींत म्हणून आपण गेलों नाहीं, अशी एक आख्यायिका घरोघरीं सांगितली जाते. ती ऐकावयास गोड आहे. पण ज्यांना त्या संघाचें कर्णधारपद मिळावयाचें होतें त्या शैलेन मन्नांनींच पुढें ती नाकारली. बोटीचा लांबचा प्रवास, खर्च, सरावाला अपुरा वेळ, निवडीविषयींचे मतभेद, आणि सर्वांहून अधिक म्हणजे विश्वचषकाचें मोल तेव्हां आमच्या चालकांना कळलें नव्हतें. त्यांच्या दृष्टीनें ऑलिंपिक हेंच सर्वस्व होतें. ब्राझीलचे यजमान प्रवासखर्चाचा मोठा भार सोसावयास तयार होते, हें लक्षांत घेतां तो निर्णय अधिकच खेदकारक वाटतो. तेथें आमचा संघ कदाचित् सपाटून हरला असता. पण जगांत हा खेळ कसा खेळतात तें दोन वर्षें आधीं कळलें असतें.

तें कळलें हेलसिंकीस, १९५२ सालीं. थंडीनें गारठलेल्या आमच्या संघाचा युगोस्लाव्हियानें १०-१ असा फडशा पाडला. त्यानंतर मात्र फुटबॉल-महासंघानें बूट सक्तीचे केले. मधल्या काळांत, १९५१ च्या मार्चमध्यें, दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि इराणवर साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलानें विजय मिळवून भारतानें सुवर्णपदक घेतलें होतें. त्यामुळें हेलसिंकीचा आघात अधिकच झोंबला.

या दोन्ही संघांचे गुरु होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानें शाळामास्तर, आणि मैदानावरहि तीच वृत्ति. हैदराबाद सिटी पोलीस संघानें त्यांच्या हाताखालीं १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पांच वेळां मुंबईचा रोव्हर्स चषक नेला, तेव्हां जुन्या मुंबईकर प्रेक्षकांना हे मास्तर नवखे नव्हते. चेंडू पायाशीं खेळवीत बसण्याचा आमच्या खेळाडूंचा हव्यास मोडण्यासाठीं, चेंडू अडवून धरण्यास मनाई असलेल्या आणि केवळ डाव्या, म्हणजे दुबळ्या पायानेंच खेळावयाच्या स्पर्धा ते भरवीत. आघाडीचा मधला खेळाडू मागें ओढून प्रतिपक्षाचा बचाव गोंधळविण्याची हंगेरियन युक्ति त्यांनीं लौकरच उचलली. शाळेंत घोकंपट्टी करून घेणाऱ्या मास्तरांची कमतरता आपल्याकडे कधींच नव्हती. विद्यार्थ्याची खोड नेमकी कोठें आहे तें हेरून तेवढ्यापुरताच अभ्यास लावणारा शिक्षक विरळा.

त्याचें फळ १९५६ सालीं मेलबोर्न येथें दिसलें. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें पहिली फेरी आपोआप सुटली. दुसऱ्या फेरींत यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असें नमविलें, व त्यांपैकीं तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे! मुंबईंत वाढलेला हा मूळ गोमंतकीय घरचा तरुण ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपान्त्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्धहि पहिला गोल त्याचाच. पण मग युगोस्लाव्ह संघ जागा झाला आणि सामना ४-१ असा त्यांनीं जिंकला. तिसऱ्या स्थानासाठीं बल्गेरियाकडून ३-० अशी हार झाली. स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिलचें नांव आहे. या मुंबईकराचें नांव मुंबईच्या किती मुलांना ठाऊक आहे?

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें पदक मिळालें नाहीं, तरी फ्रान्सला बरोबरींत रोखलें आणि हंगेरीसारख्या संघाशीं अवघ्या एका गोलानें हार झाली. त्यानंतर ऑलिंपिकमध्यें भारताचा फुटबॉल-संघ कधीं दिसला नाहीं.

आणि मग जकार्ता, १९६२. रहीम तेव्हां कर्करोगानें पोखरले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशीं २-० असा गेला. थायलंडविरुद्ध बचावाचा आधारस्तंभ जर्नैलसिंग यांचें डोकें फुटलें व टांके घालावे लागले. अशा माणसाला विश्रांति द्यावी कीं नाहीं? रहीमांनीं त्यांना बचावांतून काढून थेट आघाडीवर खेळविलें! उपान्त्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला, त्यांतील एक गोल जर्नैलसिंगांचा होता.

इतक्यांत मैदानाबाहेर वादळ उठलें. इस्रायल व तैवान यांना इंडोनेशियानें प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे क्रीडाप्रतिनिधि गुरुदत्त सोंधी यांनीं आक्षेप घेतला होता. त्यामुळें यजमान जनता खवळली व भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामन्याला सुमारें एक लाख प्रेक्षक जमले, ते बहुतेक भारताच्या विरुद्ध ओरडण्यासाठीं. समोर तोच दक्षिण कोरिया. पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार बॅनर्जी व डोक्याला पट्टी बांधलेले जर्नैलसिंग यांनीं एकेक गोल केला. कोरियाचा गोल झाला तो सामना संपत आल्यावर. सुवर्णपदक भारताचें झालें. कर्णधार होते चुनी गोस्वामी. हेच गृहस्थ १९७१-७२ सालच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध बंगालच्या क्रिकेट-संघाचेहि कर्णधार होते. तेव्हां क्रिकेटवेड्या वाचकांनीं त्यांना अगदींच परके मानूं नये.

११ जून १९६३ रोजीं रहीम निवर्तले.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १९६४ च्या आशिया चषकांत भारत उपविजेता ठरला, तो याच पिढीच्या पुण्याईवर. १९७० सालीं बँकॉकला जपानला हरवून कांस्यपदक आलें, तेव्हां मार्गदर्शक होते रहीमांचेच शिष्य प्रदीपकुमार बॅनर्जी. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचें पदक मिळालेलें नाहीं. जपान व कोरिया यांनीं शाळांपासून संघटित शिक्षण सुरू केलें, नव्वद मिनिटांच्या खेळासाठीं शरीरें घडविलीं. आमच्याकडील स्पर्धांत सामने कित्येक वर्षें सत्तरच मिनिटांचे खेळले जात, आणि परदेशांत शेवटच्या वीस मिनिटांत आमची दमछाक होई. कलकत्त्याच्या क्लबांच्या आपसांतील चुरशीपुढें राष्ट्रीय संघाचा विचार मागें पडला. विश्वचषकाच्या पात्रता-फेरींत भारत प्रत्यक्ष उतरला तोच मुळीं १९८५ सालीं. सुनील छेत्रीसारखा नव्वदांहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल करणारा खेळाडू निपजला, २०१९ सालीं आशिया चषकांत थायलंडवर ४-१ असा विजयहि मिळाला. पण २०२४ च्या जानेवारींत कतार येथें त्याच स्पर्धेंतील तिन्ही सामने भारत हरला आणि त्यांत एकहि गोल झाला नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें रहीमांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला, आणि पुष्कळ घरांत मुलांनीं आईवडिलांना विचारलें कीं, हें सारें खरोखरच घडलें होतें काय?