मनमाडचा फलाट आणि जालन्याची आगगाडी

आगगाडीतील ऐश्वर्य म्हणजे मखमली गाद्या, चांदीचे काटेचमचे आणि खानसाम्याचा सलाम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु लांबच्या प्रवासातील खरे सुख याहून साधे असते. एकदा बसावे, आणि मुक्काम येईतो उतरावे लागू नये, एवढेच ते. १८८३ साली पॅरिसहून निघालेल्या सुप्रसिद्ध ओरिएंट एक्स्प्रेसलाही आरंभी हे साधले नव्हते. डॅन्यूब नदी आली की उतारूंनी नावेने पलीकडे जावे, दुसऱ्या गाडीने वार्ना बंदर गाठावे आणि पुढे आगबोटीने कॉन्स्टँटिनोपलला उतरावे, असा तो थाटाचा प्रवास होता! सलग लोहमार्ग १८८९ साली झाला.

जालनेकरांची डॅन्यूब म्हणजे मनमाड. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे लोहमार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला आणि जालन्याच्या कापसाला वाट मिळाली. पण तो मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांतील अंतर सुमारे सव्वातीन फूट. मनमाडवरून मुंबईस जाणारा हमरस्ता साडेपाच फुटी. १९१२ पासून धावणारी पंजाब लिमिटेड त्याच हमरस्त्याने जाई. आरंभी ती मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सोयीची. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९३० नंतरच्या दशकात जोडले गेले. तिचा एकही डबा जालन्याकडे वळणे शक्य नव्हते. मग पहिल्या वर्गाचा अडत्या असो की गाठोडेवाला मजूर, मनमाडला उतरणे दोघांनाही चुकत नसे. गेज कोणाची पत पाहत नाही. हमाल मात्र एकालाच परवडे. कापसाच्या गाठीही एका वाघिणीतून दुसरीत चढवाव्या लागत, आणि त्या हमालीचा भुर्दंड मालावर बसे.

१९९० नंतरच्या दशकात हा मार्ग रुंद झाला आणि जालन्यावरून निघालेला डबा थेट मुंबईस पोहोचू लागला. २००४ मध्ये सुरू झालेली डेक्कन ओडिसी ही शाही गाडी वेरूळच्या प्रवाशांसाठी तत्कालीन औरंगाबादेस येऊ शकली, तीही याच रुंद रुळांमुळे. सामान्य उतारूने मात्र तिचे पडदे फलाटावरूनच पाहावेत, असे तिचे भाडे!

३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी वंदे भारत निघाली. तीत शयनगृह नाही, भोजनगृह नाही. प्रवास सुमारे सात तासांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली, त्यामुळे जालनेकर आता वाटेत चढतात. मनमाडला गाडी थांबते, पण मुंबईस निघालेल्या जालनेकराला बोचके उचलावे लागत नाही.