भिंतीवर ठोकायचं, पण नेमकं कुठे?

सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना कधी वर बघता का? एखाद्या छज्जाखाली तपकिरी ओघळ दिसेल. तो नुसता डाग नसतो. पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. आधी भेग, मग फुगवटा, आणि एक दिवस तुकडा खाली.

न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली असाच इमारतीचा तुकडा पडून एका कॉलेज विद्यार्थिनीचा जीव गेला. पुढच्याच वर्षी तिथे तपासणीचा कायदा झाला. आज तिथे सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती दर पाच वर्षांनी तपासाव्या लागतात. मुंबईतही ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे.

मग अडतं कुठे? अहवालात लिहिलेलं असतं, ‘पाचवा मजला, पश्चिम बाजू, भेग.’ आता ही भेग खिडकीच्या डावीकडे की उजवीकडे? पुढच्या वेळी दुसरा इंजिनिअर येतो. भेग जुनीच आहे की वाढली आहे, हे त्याने ओळखायचं कसं?

इथे उपयोगी पडतं ‘बिम’, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल. (आपला नेहमीचा बीम, म्हणजे तुळई, ती वेगळी!) यात प्रत्येक भिंत, छज्जा, खिडकी ही स्वतंत्र वस्तू असते आणि तिची माहिती तिलाच जोडलेली असते. जुन्या इमारतीचं मॉडेल नसेल, तर ड्रोनचे फोटो किंवा लेसर स्कॅन वापरून ते तयार करता येतं. मग भेगेचा फोटो, तारीख, रुंदी हे सगळं मॉडेलमधल्या त्याच जागी चिकटवायचं. त्या छज्जाची मागची दुरुस्ती, जवळचा ड्रेनेज पाइप, पावसाचा मारा आणि खालची येण्याजाण्याची वाट एकत्र बघितली, की आधी कुठे जायचं ते ठरवता येतं.

पण एक लक्षात ठेवा. प्लास्टर आतून सुटलंय का, हे साध्या फोटोत दिसेलच असं नाही. त्यासाठी अजूनही दोरीवर लटकून हातोडीने ठोकावं लागतं. आवाज पोकळ आला तर धोका. मॉडेल निदान करत नाही. दोरी कुठे सोडायची, ते सांगतं.

आणि तुमच्याकडे मॉडेल नसेल तर? दर पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा आणि तारखेसह जपून ठेवा. भेग वाढतेय का, हे त्यावरूनच कळेल. आणि फुगवटा दिसला, तर फोटोच्या आधी खालची वाट बंद करा.