शुक्रवारचे व्रत आणि रुपेरी पडदा

श्रावणातल्या शुक्रवारी महाराष्ट्रात जिवतीची पूजा होते. भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, पुरणाच्या दिव्यांनी आरती होते, सवाष्णीला दूध-फुटाणे दिले जातात आणि मुलांना ओवाळून त्यांचे आयुष्य मागितले जाते. या जुन्या शुक्रवाराशेजारी अर्धशतकापूर्वी आणखी एक शुक्रवार येऊन बसला, तो संतोषीमातेचा.

‘जय संतोषी माँ’ हा विजय शर्मा दिग्दर्शित, अल्प खर्चाचा हिंदी बोलपट १९७५ साली प्रदर्शित झाला. ‘शोले’चे ते वर्ष, याची मोठी अपेक्षा कोणी धरली नव्हती. परंतु स्त्रिया चपला काढून चित्रपटगृहात शिरू लागल्या, पडद्यावर देवी प्रकटताच फुले व नाणी उधळू लागल्या. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती घरोघरी पोहोचली. देवीची भूमिका करणाऱ्या अनिता गुहा यांच्याकडे तर लोक आशीर्वाद मागू लागले!

चित्रपटाने देवी निर्माण केली, असे काही विद्वान म्हणतात. ते आम्हांस मान्य नाही. सोळा शुक्रवारांच्या व्रताची कथा उत्तर भारतात त्याआधीच छापली व वाचली जात होती. मात्र कथा एकीने वाचायची आणि चौघींनी ऐकायची. पडद्याने तीच गावोगावी नेली आणि कानांनी ऐकलेले डोळ्यांना दाखविले. आपल्या संस्कारात देवाला पाहणे हेच दर्शन. मग हात आपोआप जोडले गेले, यात नवल ते काय? शिवाय व्रत गरिबालाही झेपणारे. नैवेद्य गूळ-चण्यांचा, पथ्य एकच, त्या दिवशी आंबट वर्ज्य.

भक्तीबरोबर भयही आले, हे मात्र सांगितलेच पाहिजे. कथेत उद्यापनाच्या अन्नात जावा आंबट मिसळतात आणि अनर्थ ओढवतो. ते दृश्य मनात ठसलेल्या कित्येक घरांतून शुक्रवारची चिंच हद्दपार झाली. ‘इतक्या प्रती लिहून पाठवा, नाहीतर संकट येईल’ अशी मातेच्या नावाची निनावी पोस्टकार्डे हिंडू लागली. ती लिहून काढणाऱ्यांत शिकलीसवरलेली माणसेही होती. यात आम्हांस भक्ती दिसली नाही.

आमच्या शेजारी एका श्रावण शुक्रवारी दोन्ही व्रते एकत्र आली. सासूबाईंनी जिवतीसाठी पुरण घातले. कटाच्या आमटीला चिंच हवी आणि सूनबाईंचा तो अकरावा शुक्रवार. सासूबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी भिजवलेली चिंच बाजूला सारली आणि आमटीत गुळाचा खडा थोडा मोठा टाकला.