चळत पंचविसाची

संध्याकाळचे पाच वाजून गेले आहेत. डोंबिवली पूर्वेला, रामनगरातल्या एका पोळीभाजी केंद्रात आतल्या बाजूला स्टूल टाकून मी बसले आहे. पुढचा भाग जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढाच. मागच्या लांबट खोलीत तीन पोळपाट आणि दोन शेगड्या आहेत, आणि कणकेची भली मोठी परात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली आहे. मटकीची उसळ, भेंडी, फ्लॉवर-बटाटा दुपारीच करून झालं आहे. आता फक्त पोळ्या. रात्री दहापर्यंत पोळ्याच.

पहिल्या पाटावरच्या मावशी लाटी घेतात, पुरीएवढी लाटतात, तेलाचं बोट फिरवतात, वर पिठी भुरभुरतात आणि दुमडतात. पुन्हा तेल, पुन्हा पिठी, पुन्हा दुमड. त्रिकोण तयार होतो. मग लाटणं कडेकडेनं फिरू लागतं, मध्यावर जोर पडत नाही, आणि पोळी पाटावर आपसूक गोल फिरत मोठी होते. तव्याजवळच्या काकू ती अलगद उचलून टाकतात. रंग पालटला की उलटतात, फोड धरले की परत उलटतात, फडक्यानं कड दाबतात. पोळी टम्म फुगते. खाली काढताच दोन्ही हातांत धरून त्या तिला हलकेच चेपतात. वाफ निघून जाते, पदर सुटतात. तोवर पाटावर पुढची पोळी वाट पाहत असते.

हे सगळं एका मिनिटाच्या आत होतं, आणि लगेच पहिल्यापासून सुरू होतं.

“दिवसाला किती होतात हो?” मी विचारते.

“ते ताई लिहितात वहीत,” मावशी मान वर न करता म्हणतात. “आम्ही चळत मोजतो.”

पंचवीस पोळ्या झाल्या की एक चळत. ती डब्यात जाते, झाकण लागतं, आणि काकू “झाली!” म्हणून आवाज देतात. एवढ्यात मावशी पाठ सरळ करतात, पाण्याचे दोन घोट घेतात, पाटावरची पिठी पुसतात. मग नवी चळत सुरू. आज एकूण किती करायच्या आहेत, हे इथे कोणी मोठ्यानं बोलत नाही. मघाशी वहीवरचा आकडा कोणीतरी वाचू लागलं, तेव्हा काकूंनी तिथेच थांबवलं, “नको, हात जड होतात.”

सहा वाजता जागा बदलतात. मावशी तव्यावर येतात, काकू पाटावर बसतात. शेगडीची धग एकीलाच सोसायला लागू नये म्हणून ही पाळी. त्यातून दुसरंही साधतं. लाटून भरलेल्या खांद्याला उसंत मिळते, डोळ्यांना नवं काम मिळतं, आणि थोडा वेळ का होईना, तेच काम वेगळं वाटतं.

साडेसहानंतर गाड्या येतील तशी गर्दी येऊ लागते. फास्ट लोकल रिकामी झाली की दहा मिनिटांत काउंटरसमोर रांग लागते. गर्दी ओसरते न ओसरते तोच पुढची गाडी. सीएसएमटीहून तास-सव्वा तास उभ्यानं आलेली माणसं ही. त्यांचंही रोजचं तेच: तीच गाडी, तोच डबा, तोच जिना. घरी नवराबायको दोघंही नोकरीला, परतायला आठ वाजणार. मग कणीक कोणी मळायची? रेल्वे 1853 साली ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. पुढे चाकरमान्यांचं शहर झालेल्या डोंबिवलीच्या संध्याकाळच्या जेवणाला आज अशा पोळपाटांचा मोठा आधार आहे.

हा वारसा गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचा. घर सोडून आलेल्या गिरणी कामगारांना त्या बायकांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं, आणि ते काम कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांना उद्योग म्हणून मान मिळू लागला. पोळी मात्र तेव्हाही एकेक करूनच लाटावी लागे, आजही तशीच लाटावी लागते.

“चार पोळ्या जरा मऊ द्या हं,” बाहेरून एक बाई सांगतात. “बाबांना चावत नाही.”

पाटावरच्या काकू ते ऐकतात. पुढच्या चार लाट्यांना तेलाचं बोट जरा सढळ फिरतं. मावशी त्या चार तव्यावर जास्त वेळ ठेवत नाहीत, वेगळ्या फडक्यात गुंडाळतात. बाबांना या दोघींनी पाहिलेलं नाही. पण त्या चार पोळ्या आता नुसत्या पोळ्या राहिलेल्या नाहीत, त्या कोणाच्या तरी ताटात जायच्या आहेत.

“कंटाळा नाही येत?” गर्दी जरा सरल्यावर मी विचारते.

“येतो की,” मावशी म्हणतात. “पण एकटीला जास्त येतो. घरी दहा पोळ्या लाटायच्या जिवावर येतात बघा. इथे गप्पांत शंभर कधी होतात कळत नाही.”

1929 साली ब्रिटनमध्ये वायट, फ्रेझर आणि स्टॉक या संशोधकांनी कारखान्यांतल्या एकसुरी कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामात अधूनमधून बदल असावा, विसावा असावा, मोबदला कामाच्या मापानं मिळावा, न संपणारं काम छोट्या छोट्या पुऱ्या होणाऱ्या भागांत वाटलेलं असावं, आणि सोबतीनं काम करता यावं. मग कंटाळा कमी होतो, असं त्यांना दिसलं. ते सगळं या खोलीत माझ्यासमोर चाललं आहे: पाळी, पाण्याचे दोन घोट, पोळीमागे ठरलेला दर, पंचविसाची चळत, गप्पा. उमेद हा मनाचा जोर आहे आणि तो ज्याच्यात असतो त्याच्यातच असतो, असं आपण समजतो, आणि सकाळी उठवलं नाही की स्वतःलाच दोष देतो. इथे बसल्यावर मला मनापासून पटतं आहे की रोजच्या कामात उमेद टिकते ती मांडणीनं. काम कसं तोडायचं, कोणासोबत करायचं, कोणासाठी करायचं, हे नीट लावून घेतलं की जोर आपोआप पुरतो.

तिसऱ्या पाटावर एक नवी मुलगी आहे. दिव्याहून येते. तिच्या पोळ्यांच्या कडा जाड राहतात, म्हणून त्या विकायला जात नाहीत. रात्री या सगळ्याजणी त्याच जेवतात. “मधे दाबू नको, कडेला जा,” मावशी तव्यावरून तिला सांगत राहतात. चिडत नाहीत, थकत नाहीत. प्रत्येक लाटीला तेच वाक्य, तेवढ्याच मायेनं.

साडेनऊला एक तरुण धापा टाकत येतो. “मावशी, सहा मिळतील?” डब्यात तीनच उरल्या आहेत. मावशी मुलीच्या पाटावरची पोळी उचलतात, कड बोटांनी चाचपतात, तव्यावर टाकतात. फुगते. दुसरी फुगते. तिसरीही.

“दे बांधून,” मावशी तिलाच सांगतात.

मुलगी तीनात तीन मिळवून सहा पोळ्या कागदात गुंडाळते, स्वतः काउंटरवर नेऊन देते, आणि येऊन पुढची लाटी घेते.