कोंबडीचा हिवताप माणसाला होतो का?

पावसाळ्यात वस्तीत तापाचे रुग्ण वाढतात आणि त्याच दिवसांत खुराड्यातली एखादी कोंबडी मान टाकून बसते. मग ‘कोंबड्यांमुळेच ताप आला’ अशी कुजबुज सुरू होते. काही घरांत याउलट तापलेल्या मुलावरून कोंबडे उतरवून टाकतात. या दोन्ही समजुती आपण एकदा तपासून पाहू.

पक्ष्यांना हिवताप होतो, हे खरे आहे. हिवतापाचा जंतू म्हणजे प्लाझ्मोडियम. माणसाला त्याच्या प्रामुख्याने पाच जातींपासून आजार होतो. पक्ष्यांत आढळणाऱ्या जाती पन्नासाहून अधिक आहेत. चिमणी, कबुतर, कावळा, कोंबडी अशा कितीतरी पक्ष्यांच्या रक्तात त्या सापडतात. आजारी पक्ष्याचे रक्त डास पितो, जंतू डासाच्या पोटात वाढतो, तिथून त्याच्या लाळेत उतरतो आणि पुढच्या चाव्यासोबत दुसऱ्या पक्ष्याच्या अंगात जातो.

हा मार्ग विज्ञानाला प्रथम पक्ष्यांमुळेच पूर्णपणे कळला, आणि तोही आपल्याच देशात. रोनाल्ड रॉस यांना ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. ज्याचे रक्त ते डास प्याले होते, तो हुसेन खान नावाचा रुग्ण होता. एका डासाला चावू देण्याचा त्याला एक आणा मिळे. पुढे रॉस कलकत्त्याला गेले. तेव्हा प्लेगच्या लशीच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचून घ्यायलाही तयार नव्हते. म्हणून रॉस पक्ष्यांकडे वळले. जुलै १८९८ मध्ये त्यांना डासाच्या लाळग्रंथीत जंतू सापडले आणि डास चावल्याने निरोगी चिमण्यांना हिवताप होतो, हे सिद्ध झाले. डास पकडण्यापासून पाळण्यापर्यंतच्या कामात महंमद बक्ष हा मदतनीस त्यांच्यासोबत राबत होता. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. या शोधामागे हुसेन खान आणि महंमद बक्ष होते, हेही आपण लक्षात ठेवायला हवे.

आता मुख्य प्रश्न. कोंबडीचा हिवताप आपल्याला होत नाही. माणसाच्या हिवतापाचा जंतू आधी यकृतात वाढतो आणि मग तांबड्या पेशींत शिरतो. पक्ष्यांच्या जंतूला आपल्या शरीरात असा शिरकाव करता येत नाही. कोंबडीला चावलेला डास नंतर आपल्याला चावला, तरी तो जंतू आपल्यात वाढत नाही. शिजवलेल्या मांसातून किंवा अंड्यातूनही हिवताप येत नाही. वाहक डासही बहुधा वेगळे असतात. माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस डास पसरवतो, तर पक्ष्यांचा मुख्यतः क्युलेक्स जातीचे डास पसरवतात.

कोंबड्यांसाठी मात्र हा आजार जीवघेणा ठरू शकतो. आशियातल्या कोंबड्यांत आढळणाऱ्या जंतूचे नाव प्लाझ्मोडियम गॅलिनेशियम. रानकोंबड्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. बाहेरून आणलेल्या जातीच्या कोंबड्या मात्र दगावतात. तुरा फिका पडतो, हिरवट हगवण लागते, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या तर पाय लुळे पडतात. मानमोडीतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून अंदाजाने औषध देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे आणि मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी.

या रोगाचे सर्वांत दुःखद उदाहरण हवाई बेटांवरचे आहे. तिथे पूर्वी डासच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स डास तिथे पोचले. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांसोबत हिवतापही आला. तिथल्या रानपक्ष्यांच्या अंगात या रोगाशी लढण्याची ताकद नव्हती. खालच्या रानातले पक्षी मेले, उरलेले थंड डोंगरमाथ्यावर तगले. आता हवा तापते आहे आणि डासही वर चढत आहेत. हवाईतले आठ पक्षी नामशेष झाल्याचे अमेरिकेने २०२३ मध्ये जाहीर केले. डासांसोबत हा रोगही त्यांच्या नाशाचे एक मोठे कारण ठरला.

हवाईत गेलेला तोच क्युलेक्स डास आपल्या वस्तीतल्या तुंबलेल्या गटारातही वाढतो. विदर्भात हत्तीरोग पसरवणारा डास हाच. त्यामुळे गटार वाहते ठेवले, तर माणूस आणि कोंबडी दोघांचाही फायदा होतो. गटाराची सफाई ही ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची जबाबदारी आहे. ती आपण हक्काने मागावी.

घरी एवढे करावे. आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. कोंबड्यांच्या पाण्याचे भांडे रोज बदलावे. टाकीला घट्ट झाकण लावावे, वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत. संध्याकाळी खुराड्याला बारीक जाळी लावावी आणि आपणही मच्छरदाणीत झोपावे.

आणि ताप आला, तर कोंबडे उतरवण्यात रात्र घालवू नये. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी रक्त तपासावे. सरकारी केंद्रात ही तपासणी व औषध मोफत मिळते. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूवर गेला, तर एका दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. औषधाच्या गोळ्या सांगितले तितके दिवस, पूर्ण घ्याव्यात. उतरवून टाकलेल्या कोंबड्याने ताप उतरत नाही. कोंबडेही जाते आणि मौल्यवान वेळही.