संवेदनशील त्वचेची निगा : थोड्या वस्तू, थोडा खर्च

मल्लेश्वरममधील एका बाह्यरुग्ण विभागात चेहऱ्याची आग होते म्हणून एक मराठी गृहिणी आल्या होत्या. चेहऱ्यास काय काय लावता, असे विचारले तेव्हा त्यांना नीट सांगता येईना. पुढच्या भेटीत त्यांनी कापडी पिशवीतून अकरा वस्तू काढून टेबलावर मांडल्या. दोन साबण, एक फेसवॉश, गुलाबजल, कडुनिंबाचा लेप, मुलतानी माती, घरचे उटणे, तीन डब्या आणि शेजारणीने दिलेली एक नावाची चिठ्ठी नसलेली मलमाची डबी. त्यांपैकी निम्म्या वस्तू आग शमविण्यासाठीच आणलेल्या होत्या. तपासणीनंतर डॉक्टरांनी अकरापैकी दहा बंद करावयास सांगितल्या. अकरावी, म्हणजे ती बिनचिठ्ठीची डबी, त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतली व तिच्याविषयी बराच वेळ विचारपूस केली. तसे त्यांनी का केले, हे पुढे येईल.

ज्यांच्या त्वचेस साबण, सुगंध, ऊन, घाम किंवा नवे प्रसाधन लागताच खाज, जळजळ, लाली अथवा ओढल्यासारखी कोरड जाणवते, त्यांची त्वचा संवेदनशील समजावी. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. हा चुना धुपला की आतील ओलावा बाहेर जातो व बाहेरील क्षोभक द्रव्ये आत शिरतात. मग जे इतरांना सोसते ते अशा व्यक्तीस झोंबू लागते. उपचाराची दिशाही यावरून कळते. धूप थांबवावी व चुना भरून येईपर्यंत भिंतीवर झाकण द्यावे. या दोन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

धुणे

निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा सामू साधारणतः ५च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. म्हणून वारंवार साबण लावल्याने भिंतीतील चुना निघून जातो. साबणाच्या वेष्टनावर टी.एफ.एम. ही अक्षरे असतात. साबणातील एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण त्यावरून कळते. भारतीय मानकानुसार ७६ टक्के वा अधिक प्रमाण असलेला साबण पहिल्या प्रतीचा होय. स्वस्त साबणांतही पहिल्या प्रतीचे साबण मिळतात, म्हणून किमतीआधी हा आकडा पाहावा. मात्र पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो. तो काखा, जांघा, पावले व हात यांपुरता वापरावा. चेहऱ्यास दिवसातून एकदा साबणविरहित, सुगंधविरहित द्रव पुरे, आणि सकाळी नुसते पाणी.

पाण्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. बेंगळुरूत अनेक इमारतींच्या संपमध्ये कावेरीचे पाणी, बोअरवेलचे पाणी व टँकरचे पाणी एकत्र होते. २०२४ सालच्या उन्हाळ्यातील टंचाईत तर पुष्कळ कुटुंबे टँकरवरच अवलंबून होती. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून आपण अधिक साबण चोळतो आणि त्याचा चिकट साका त्वचेवर राहतो. टंचाईच्या दिवसांत अंगास अधिक खाज सुटत असल्यास केवळ उन्हाळ्यास दोष देऊ नये. साबण निम्मा करावा, पाणी कोमट ठेवावे व स्नान दहा मिनिटांत आटोपावे.

झाकण

स्नानानंतर अंग टिपून घ्यावे, घासू नये. त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध लेप लावावा. कोरड्या त्वचेवर तासाभराने लावलेल्या महागड्या लोशनपेक्षा ओलसर त्वचेवर लगेच लावलेले साधे पांढरे पेट्रोलियम जेली अधिक उपयोगी पडते. त्यात सुगंध नसतो, रंग नसतो, पाणी नसल्याने परिरक्षकाचीही गरज नसते. त्यामुळे त्याची ॲलर्जी क्वचितच आढळते. चिकटपणा हा त्याचा दोष आहे. तो नको असल्यास द्रव पॅराफिन किंवा ग्लिसरीन असलेले बिनवासाचे मॉइश्चरायझर घ्यावे. शुद्ध ग्लिसरीन तसेच लावल्यास झोंबू शकते, म्हणून पाण्यात सौम्य करून लावावे.

खोबरेल तेलावर आपल्याकडील सर्वांचा विश्वास आहे आणि कोरड्या हातापायांसाठी तो योग्यही आहे. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यास मात्र ते लावू नये. तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी मोहरीचे तेल टाळावे. त्याने कोवळ्या त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होऊ शकते. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने बाळाचे अंग रगडण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती लव आपोआप जाते, रगडल्याने केवळ त्वचा सोलवटते.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. पेट्रोलियम जेली व पॅराफिन यांनी माखलेले कपडे सहज पेट घेतात. असे कपडे अंगावर असताना समई, गॅस व उदबत्ती यांपासून दूर राहावे.

घामोळ्यांसाठी व खाजेसाठी कॅलामाइन लोशन स्वस्त व चांगले आहे. परंतु ते त्वचा कोरडी करते, म्हणून आधीच कोरड्या असलेल्या अंगास लावू नये.

सुगंध आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाचा मोह

मल्लेश्वरमचे दोन प्रमुख रस्ते झाडांच्या नावांनी ओळखले जातात. संपिगे म्हणजे सोनचाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. जवळच ‘सँडल सोप फॅक्टरी’ नावाचे मेट्रो स्थानक आहे. म्हैसूर संस्थानात १९१६ साली चंदनतेलाचे उत्पादन सुरू झाले व त्यातून पुढे साऱ्या देशास परिचित असलेला चंदनसाबण निघाला. अशा परिसरात राहणाऱ्यांस सुगंधी वस्तू जपून वापरा असे सांगणे थोडे अरसिकपणाचे आहे, हे लेखिकेस मान्य आहे. तरीही सांगितले पाहिजे. प्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीची सुगंधी द्रव्ये ही अतिशय नेहमीची कारणे आहेत, आणि फुलांचे वा चंदनाचे नैसर्गिक तेलही त्यास अपवाद नाही. ज्यांस सोसते त्यांनी सुगंधी साबण अवश्य वापरावा. ज्यांची आग होते त्यांनी चेहऱ्यापासून तो दूर ठेवावा.

घरगुती लेपांनाही हाच न्याय लागू आहे. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात गेल्यास फोड व काळे डाग उठतात. कडुनिंबाच्या पाल्याचा वाटलेला लेप व मुलतानी माती कोरड्या त्वचेस अधिक कोरडी करतात. बेसन-दुधाचे उटणे दिवाळीच्या अभ्यंगास शोभते, रोजच्या चेहऱ्यास नव्हे. हळदीचीही ॲलर्जी असू शकते, जरी ती थोड्यांनाच होते.

टिकलीविषयी येथे मुद्दाम लिहीत आहे, कारण घरोघरी हा प्रश्न आढळतो आणि लाजेने सांगितला जात नाही. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल या द्रव्यापासून बनविलेली राळ असते. तिच्यामुळे कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याची नोंद कित्येक वर्षांपूर्वी केलेली आहे. प्रारंभी केवळ खाज असते. त्या वेळीच टिकली बंद केल्यास डाग पुढे पसरण्याचे टळू शकते. त्याऐवजी कुंकू लावावयाचे असल्यास तेही तपासून घ्यावे, कारण स्वस्त कुंकवात कृत्रिम रंग मिसळलेले असतात. वरमहालक्ष्मी व गौरी-गणपतीच्या दिवसांत आठव्या क्रॉसच्या बाजारात सुटे कुंकू घेताना हे स्मरणात असावे. लगेच रंगणाऱ्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपातील पी.पी.डी. हे द्रव्य असू शकते व त्याने फोड येतात. पाल्याच्या मेंदीचा रंग कधीही काळा व तत्काळ येत नाही.

बिनचिठ्ठीची डबी

आता त्या अकराव्या वस्तूकडे वळू. २०२३ सालच्या प्रारंभी वृत्तपत्रांत अकोल्यातील एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध झाली. एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई व बहीण अशा तिघी एकच गोरेपणाची क्रीम वापरीत होत्या. ती त्यांना सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून मिळाली होती. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा मोठ्या प्रमाणात असल्याचे आढळले. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही अशीच मालिका नोंदविली. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले, त्यांपैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. तोच पारा त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांत साठतो. मुखावर काही दिसत नाही, उलट रंग खुलल्याचे समाधान मिळते, आणि हाच यातील धोका आहे. पायांवर वा डोळ्यांभोवती सूज, लघवीस फेस येणे ही लक्षणे अशा क्रीमच्या वापरासोबत दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे व डबी सोबत न्यावी. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे; अनवधानाने राहिलेला अंशही सामान्य प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. अर्थात नियम वेष्टनावर नाव असलेल्या उत्पादकासच लागू करता येतो. बिनचिठ्ठीच्या डबीस धरणार कोणास?

दुसरा धोका औषधाच्या दुकानातूनच येतो. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडे आहेत. डॉक्टरांनी ठरविलेल्या विकारात, ठरविलेल्या दिवसांपुरती ती उत्तम औषधे आहेत. चेहऱ्यास महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरुमे व लव वाढते आणि थांबविताच भयंकर आग होते. त्या आगीस घाबरून लोक पुन्हा तीच नळी आणतात. मार्च २०१८मध्ये आरोग्य मंत्रालयाने अशा १४ स्टेरॉइडांच्या बाह्य लेपांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्याची असलेली मोकळीक काढून घेतली. तरीही ‘शेजारणीला गुण आला’ एवढ्यावर या नळ्या घरात येतात. आपण अशी नळी दीर्घकाळ वापरीत असल्यास लपवू नये. ती कशी थांबवावी, हे त्वचारोगतज्ज्ञच सांगू शकतील.

खरेदी करताना वेष्टन हातात घेऊन अर्धा मिनिट वाचावे. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, गट क्रमांक, मुदत व घटकांची यादी एवढे असलेच पाहिजे. परदेशी वस्तूवर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक हवा. घटकांत ‘मर्क्युरी’ वा ‘कॅलोमेल’ हे शब्द असल्यास वस्तू परत ठेवावी. डाव्या बाजूस उभी लाल रेघ असल्यास ते प्रसाधन नसून चिठ्ठीने घ्यावयाचे औषध आहे. अक्षरे बारीक असतात व बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी हे काम मुलांनी करावे.

नवी वस्तू घेतल्यावर ती आधी कोपराच्या आतील बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा सात दिवस लावून पाहावी. खाज वा लाली न आल्यास मगच चेहऱ्यास लावावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या तर दोषी कोणती ते कळणार नाही.

ऊन

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा थंड असल्याने ऊन सौम्य भासते, परंतु अतिनील किरणांस हवेचा गारवा अडवीत नाही. पुण्या-मुंबईहून येथे आलेल्यांची नेमकी येथेच फसगत होते. छत्री, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे व पदर हे सर्वांत स्वस्त उपाय होत. सनस्क्रीन परवडत असल्यास झिंक ऑक्साइड असलेले, सुगंधविरहित, एस.पी.एफ. ३० वा अधिक निवडावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लागते. त्याहून कमी लावल्यास वेष्टनावरील आकड्यास अर्थ राहत नाही.

कोठे जावे

पंधरा दिवस केवळ सौम्य धुणे व साधा स्निग्ध लेप एवढेच करूनही आग, खाज वा पुरळ कमी न झाल्यास, त्वचेतून पाणी वा पू येत असल्यास, किंवा पांढरे डाग दिसू लागल्यास डॉक्टरांस दाखवावे. मल्लेश्वरममध्ये के. सी. जनरल हे शासकीय रुग्णालय आहे. शहरातील व्हिक्टोरिया व बाऊरिंग या शासकीय रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. ई-संजीवनी या शासकीय सेवेद्वारे घरबसल्या विनामूल्य सल्लाही मिळतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे जनऔषधी केंद्रात पुष्कळ कमी किमतीत मिळू शकतात. एखाद्या औषधी मलमाचा दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. दवाखान्यात येताना चेहऱ्यास लावीत असलेली प्रत्येक वस्तू, अर्धी संपलेली व नाव नसलेलीसुद्धा, पिशवीत घालून सोबत आणावी.